महाराजांच्या चेहऱ्यातली कसर

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तिथले लोक माझ्याशी भांडायला येतील, आणि माझं डोकं आधीच तापलेलं आहे. तर त्या गावात म्हाळू नावाचा एक जिनगर राहत होता. फाटकी पुस्तकं बांधायची आणि चित्रं काढायची, हा त्याचा धंदा. हातात कला अशी की बघत राहावं. पाठीच्या कण्याबद्दल मात्र न बोललेलं बरं. तरी बोलावं लागणार, कारण गोष्ट त्याचीच आहे.

गाव एका लहानशा संस्थानातलं. तिथल्या महाराजांनी नवा दरबार बांधला आणि म्हाळूला बोलावून घेतलं. म्हणाले, "गादीमागच्या भिंतीवर आपल्या मुलखाचं चित्र हवं. घरटी एक वस्तू मागून आण आणि त्या वस्तूंचंच चित्र कर. दरबार आपलाच आहे असं रयतेला वाटलं पाहिजे."

वाटलं पाहिजे, असं म्हणाले. असला पाहिजे, असं नाही म्हणाले. माझं डोकं तापतं ते इथपासून.

शेजारी दिवाण उभे होते. ते म्हणाले, "म्हाळू, कशात कसर ठेवू नकोस." हा शब्द लक्षात ठेवा. एक कसर म्हणजे उणीव. दुसरी कसर म्हणजे जुन्या पुस्तकांत होते ती बारीक चंदेरी कीड, कागद, कापड आणि खळ खाणारी. दिवाणांना पहिलीच ठाऊक होती.

म्हाळू दारोदार फिरला. कुणी लुगड्याचा काठ दिला, कुणी लग्नपत्रिका, कुणी गोणपाटाचा तुकडा, कुणी पंचांगाची पानं. ओढ्यापलीकडे गोजराबाई नावाची म्हातारी राहायची. तिचा एकुलता एक मुलगा कोंडिबा महाराजांच्या पलटणीत गेला होता आणि परत आला नव्हता. त्याचं एक पत्र तेवढं आलं होतं. पलटणीत तो अक्षरं शिकला आणि पहिलं पत्र त्यानं आईला लिहिलं. तेच शेवटचं ठरलं. सहीतल्या 'कों'वरचं टिंब त्यानं इतकं दाबून काढलं होतं की कागदाला भोक पडलं होतं. म्हातारीला वाचता येत नव्हतं. ती त्या भोकावर बोट ठेवून बसायची.

म्हाळू म्हणाला, "मावशी, पत्र पेटीत ठेवलंत तर कसर खाऊन टाकेल. मला द्या. मी ते चित्रात असं लावतो की आज पाळण्यात असलेली पोरं म्हातारी झाली तरी टिकेल. आणि येणारा-जाणारा तुमच्या कोंडिबाचं नाव वाचेल."

"दिसंल ना पण?" गोजराबाईनं विचारलं.

"मावशी, मी त्याचा सूर्य करतो. सगळ्यांत आधी तोच दिसेल."

म्हातारीनं पत्र दिलं. त्या घरात देण्यासारखं दुसरं काही नव्हतंच, पण म्हणून दिलं असं समजू नका. तिनं ते शब्दावर दिलं.

म्हाळूनं काम मात्र झकास केलं, ते नाकारता येत नाही. मोठ्या फळीवर मांजरपाट ताणला. गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि तिच्यात पुस्तकं बांधताना घालतात तसा मोरचूद घातला. मोरचूद विषारी असतो, त्यामुळे कसर फिरकत नाही. गोणपाटाचे डोंगर झाले, लुगड्याच्या निळ्या काठांची नदी झाली, पंचांगाच्या पानांची शेतं झाली. वरून काजळ, चुना आणि गेरूचे हात दिले, पण इतके पातळ की खालचं लिहिलेलं वाचता यावं. मधोमध, डोंगराच्या वर, कोंडिबाचं पत्र गोल कापून न घेता तसंच चौकोनी लावलं आणि त्याच्याभोवती हळदीच्या रंगाचा सूर्य काढला. पत्रावर मोरचुदाच्या पातळ खळीचा एक हातही दिला. आजकाल अशा कामाला कोलाज म्हणतात. म्हाळू चिकटकाम म्हणायचा.

दसऱ्याला चार दिवस उरले असताना दिवाण बघायला आले. सगळीकडून बघितलं आणि सूर्यावर बोट ठेवलं. "इथे महाराजांचा चेहरा पाहिजे."

"तिथं एका म्हातारीच्या मुलाचं पत्र आहे, साहेब."

"मग? पत्राच्या वर लाव."

इथे म्हाळूनं एक शब्द बोलायचा होता. दोन अक्षरी शब्द आहे, जिभेला जड नाही. त्याऐवजी हा बहाद्दर मान खाली घालून म्हणाला, "जी साहेब." मला अशा माणसांची चीड येते. हात सोन्याचे असतात आणि जीभ टाळ्याला चिकटलेली.

म्हाळूनं रेशमावर चेहरा काढला, फेट्याला सोनेरी बेगड लावली आणि खळीचं भांडं जवळ ओढलं. दिवाणांनी भांड्यात डोकावून बघितलं. "हे निळं निळं काय आहे?"

"मोरचूद, साहेब. विष असतं, त्यानं कसर..."

"महाराजांच्या तोंडाला विष फासतोस?" दिवाण ओरडले. "ही खळ फेकून दे. नवी कर. साजरी दिसली पाहिजे. केशर घाल, खडीसाखर घाल."

म्हाळूला कळत होतं की याचं काय होणार. तो बोलला का? नाही. त्यानं खडीसाखर घातली.

दसऱ्याला पडदा उघडला. टाळ्या पडल्या. गोजराबाई गर्दीत मागे उभी होती. तिनं पुष्कळ शोधलं आणि मग म्हाळूला गाठलं. "माझ्या कोंडिबाचं पत्र कुटं हाय?"

"आहे, मावशी. आत आहे."

"आत म्हंजे?"

"महाराजांच्या चेहऱ्याच्या मागे."

म्हातारी म्हणाली, "आतच ठेवायचं होतं तर माझी पेटी काय वाईट होती?"

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी ती त्याच्या दुकानासमोर येऊन उभी राहायची. शिव्या द्यायची नाही, रडायची नाही. नुसतं विचारायची, "काढलंस का बाहेर?" म्हाळू पुस्तकात तोंड खुपसायचा. एकदा म्हणाला, "मावशी, महाराजांपुढं माझं काय चालणार?" ती म्हणाली, "माझ्यापुढं चाललं की." असा जाब ती वर्षभर विचारत राहिली. म्हाळूच्या घशाखाली घास उतरेना. उतरू नयेच, मी म्हणतो.

इकडे दरबारात कसर लागली. ती डोंगराकडे गेली, मोरचूद होता, मागे फिरली. नदीकडे गेली, मागे फिरली. मग तिला खडीसाखरेची आणि केशराची खळ सापडली. आधी फेटा गेला, मग कपाळ, मग मिशी. दरबारातली मंडळी रोज येत होती, रोज मुजरा करत होती. महाराजांचं नाक गेलं तरी कुणी ब्र काढला नाही. महाराज गादीवर बसायचे ते चित्राकडे पाठ करून. त्यांना सांगणार कोण? सगळेच म्हाळूचे भाऊबंद.

दुसऱ्या दसऱ्याला शेजारच्या संस्थानांतून पाहुणे यायचे होते. त्याच दिवशी सकाळी दिवाणांनी वर मान करून बघितलं तेव्हा भिंतीवर चेहरा नव्हताच. बेगडीच्या चार चिंध्या लोंबत होत्या. कसरीनं खळ चाटूनपुसून खाल्ली होती आणि मधोमध कोंडिबाचं पत्र जसंच्या तसं दिसत होतं.

दिवाणांनी म्हाळूला धरून आणलं. नवं रेशीम पुढे टाकलं. "पाहुणे यायच्या आत कसर भरून काढ. आणि या वेळी ते विष घाल."

म्हाळूनं खळ शिजवली, मोरचूद घातला आणि भांडं घेऊन शिडीवर चढला. सणाला म्हणून दार उघडं होतं, लोक आत येत होते. त्यांत गोजराबाई आली. तिनं लांबूनच कागदातलं भोक ओळखलं. ती शिडीपाशी येऊन उभी राहिली.

"म्हाळू, तू झाकलंस. किड्यांनी उघडं केलं," ती म्हणाली. "आता परत झाकनार हाईस का, तेवढं सांग. म्हंजे मी घरला जाईन."

म्हाळूचा हात थांबला. दिवाण खालून म्हणाले, "लाव लवकर."

"नाही," म्हाळू म्हणाला.

बघा, दोनच अक्षरं. त्यानं भांडं वरूनच उपडं केलं. सगळी निळी खळ दिवाणांच्या जोड्यांवर पडली. म्हाळू खाली उतरला आणि भरल्या दरबारात मोठ्यानं पत्र वाचू लागला. "आई, हे मी स्वतः लिहिलं आहे. दुसऱ्यानं लिहिलेलं नाही. तू काळजी करू नको. तुझा कोंडिबा."

तेवढ्यात महाराज पाहुण्यांना घेऊन आत आले. पाहुण्यांच्या देखत म्हातारीच्या मुलाचं पत्र झाकणं त्यांना जमेना. त्यांना पश्चात्ताप झाला असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण झाला नाही. ते चिडले. म्हाळूला दरबारचं काम पुन्हा मिळालं नाही. पत्र मात्र तिथेच राहिलं, कारण पाहुणे पुढल्या वर्षीही येणार होते आणि त्यांनी ते वाचलं होतं.

दरबाराबाहेर म्हाळू गोजराबाईजवळ गेला. त्याला वाटलं, आता म्हातारी पाठीवरून हात फिरवेल.

"मावशी, झालं ना मनासारखं?"

"झालं," ती म्हणाली. "पर त्यातलं तुझं किती नि किड्यांचं किती, ते तूच ठरव." आणि ओढ्याच्या वाटेला लागली.

तात्पर्य: ज्याला 'नाही' म्हणायचं आहे त्यानं ते पहिल्याच दिवशी म्हणावं. जो उशीर करतो, त्याच्या वाटचं काम किडे करतात, आणि मग मानही किड्यांनाच द्यावा लागतो.