पक्ष्याची नोट

“मग आता तरी मला शागीर्द म्हणाल ना, बाबा?”

खाडीकाठच्या दर्ग्यापाशी यशोधन बापट गुडघे मोडून बसला होता. पुण्याचा माणूस, जुन्या नोटा जमवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आणि हे तो स्वतःच सांगत असे!

खलीलबाबा एकेकाळी जहाजावर खलाशी होते. आता या दर्ग्याचे फकीर, नजर अधू झालेली. मागच्या वर्षी यशोधन शागीर्द व्हायला आला, तेव्हा त्यांनी त्याच्या हातात ग्वाटेमालाची एक मळकी नोट ठेवली होती. म्हणाले होते, “हिला ओळखून ये. मग बघू.”

“काय ओळखलंस?”

यशोधन सुरूच झाला. “यावर केत्साल पक्षी आहे, बाबा. लांब शेपटीचा. तिथल्या चलनाचं नावच त्याच्यावरून पडलंय. जुने माया लोक त्याच्या पिसांना सोन्याहून जास्त मानायचे. म्हणतात, पिसं काढून घ्यायचे आणि पक्षी सोडून द्यायचे. ही नक्षी पोलादी ठशावर हातानं कोरलेली...”

“वा. आण इकडं.”

त्यानं पाकिटातून नोट काढली. कोरी करकरीत! गडी मनातून भलताच खूश होता.

बाबांनी नोटेवरून अंगठा फिरवला. आडवा. मग उभा. मग पुन्हा आडवा...

“बाई कुठं गेली रे?”

“बाई? नाही हो बाबा, या नोटेवर बाई नाहीच. फक्त पक्षी.”

“हिच्यावर घड्या होत्या.”

“त्या काढल्या ना! धुतली, इस्त्री फिरवली. घडी बरोबर पक्ष्याच्या मानेवरून जात होती, फार वाईट दिसायचं.”

बाबा खाडीकडं तोंड करून बसले.

“ग्वाटेमालाच्या बंदरात मी तापानं पडलो होतो. जहाज मला टाकून गेलं. एका मासळीवालीनं मक्याची पेज पाजून जगवलं. ना तिची भाषा मला, ना माझी तिला. निघताना तिनं कमरेची ही नोट काढून माझ्या मुठीत कोंबली. ती मोडायला जीवच धजला नाही. तिनं घातलेली घडी मीही कधी बदलली नाही...”

यशोधननं बाबांच्या हातातल्या नोटेकडं पाहिलं. कसली इस्त्री फिरवून बसलो आपण!

“मी... मी परत घालतो, बाबा. तशीच घालतो.”

त्यानं नोट हातात घेतली. आधी उभी दुमडू गेला. थांबला. मग आडवी. पुन्हा उलगडली.

“आठवत नाही, बाबा.” त्याला रडू आवरेना. “वर्षभर घरात होती. मी नुसता पक्षीच बघत राहिलो.”

बाबांनी त्याच्या हातातून नोट घेतली, कशीतरी दुमडली आणि चाचपडत त्याच्या सदऱ्याच्या खिशात सारली.

“असू दे. आता तुझी घडी पडू दे.”