मोगऱ्याखालचा दिवा

"बाबा, आता तरी मंत्र द्याल ना?"

कितीतरी महिन्यांनी धुंडाबुवा मठात परतले होते, पायांवरची धूळही अजून तशीच होती.

त्यांचा शिष्य तुळोजी त्यांना बाग दाखवत होता. केळी, जास्वंद, मोगरा... जिथं वैशाखात गवताची काडी दिसत नसे, तिथं. मोगऱ्याचा वास असा दाटला होता की डोळे आपोआप मिटावेत.

"नदीच्या डोहाला दोन मोटारी बसवल्या, बाबा. पाणी नुसतंच वाहून जात होतं. कुणाच्या कामाचं होतं ते?"

"आणि दिवा?"

जाताना बुवांनी एवढंच बजावलं होतं, दिवा चुकवू नकोस. रोज संध्याकाळी मठातून द्रोणात दिवा ठेवून नदीत सोडायचा. तो वळण घेऊन सावळखेड्याच्या घाटापाशी जायचा. तो दिसला की तिथल्या बायका आपापल्या घरी दिवे लावायच्या. ही रीत कुणी घातली, कुणालाच आठवत नाही.

"एक दिवस चुकवला नाही," तुळोजीची छाती फुगली. "नदी जरा आटली, म्हणून मोगऱ्याखाली लावतो. शोभतोही छान."

"मी सावळखेड्यावरूनच आलो..." बुवा म्हणाले. "तिथं अजून संध्याकाळ झालेली नाही."

"म्हणजे?"

"बायका घाटावर वाती घेऊन बसल्यात... चल, दिवा घे."

दोघं पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर बुवांनी खडावा काढल्या, धोतर गुडघ्यापर्यंत वर धरलं आणि कोरड्या वाळूत पायानं चाचपत ते पात्राच्या मध्यापर्यंत गेले. मागून येणाऱ्या तुळोजीला हसू आवरेना.

"बाबा, पाणी नाही इथं!"

"नाही?"

बुवांनी खाली पाहिलं. धोतर मात्र सोडलं नाही.

तुळोजीच्या हातातला द्रोण घेऊन त्यांनी वाळूवर ठेवला, बोटानं अलगद पुढं ढकलला आणि दिवा निघायची वाट पाहत उभे राहिले.

...

वर मठाकडे मोटारी घरघरत होत्या. मोगऱ्याचा वास खाली वाळूपर्यंत येत होता. वळणापलीकडे, सावळखेड्याच्या बाजूला, एकही उजेड नव्हता.

तुळोजी बराच वेळ त्या अंधाराकडे बघत राहिला. हसू कधीच मावळलं होतं. त्याला एकदम रडू यायला लागलं.

"बाबा... तो जात नाही."

बुवांनी द्रोण उचलला आणि त्याच्या ओंजळीत ठेवला.

"आणि मंत्र?" तुळोजीनं अगदी हळू विचारलं.

"आज नदी तू. घाटापर्यंत जपून जा हं... वाटेत कुणीतरी मोटार लावेल."