फावड्याचा आवाज

“...पण इथंच का?” नवांग मेमेंनी विचारलं.

पोंक्षे याच प्रश्नाची वाट बघत होते.

“मेमे, बर्फात अडकून पडण्यासारखं सुख नाही. आणि त्यासाठी तुमच्या या मठाहून चांगली जागा माझ्या पाहण्यात नाही.”

मेमे म्हणजे आजोबा. हिमालयातल्या लाहौलच्या त्या गावात म्हाताऱ्या लामाला सगळे याच नावानं हाक मारत. डोंगरातून बोगदा व्हायच्या आधीची ही गोष्ट. खिंड एकदा बंद झाली की पाच-सहा महिने गावातून कुणी बाहेर जात नसे, कुणी आत येत नसे.

अच्युत पोंक्षे मिरजेच्या कॉलेजात तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले. हिवाळाभर मेमेंजवळ राहायचं, शिष्य व्हायचं, असं ठरवून आले होते. आल्याच्या तिसऱ्या दिवशी वादळ सुरू झालं. दोन दिवस बर्फ नुसता कोसळत होता. आज सकाळी थांबला होता. खिंड अजून पुरती बुजली नव्हती. गावातली सहा माणसं उद्या पायीच पलीकडे जाणार होती. त्यांच्यामागून कुणी जाणार नव्हतं.

“याआधी अडकला होतास?”

“चार वेळा.” पोंक्ष्यांची कळी खुलली. “एकदा सिमल्याच्या वाटेवर गाडी बंद पडली. एवढंसं स्टेशन. स्टेशनमास्तरांच्या खोलीत दोन दिवस काढले. शेगडीत बटाटे भाजायचे आणि मीठ लावून खायचे. एकदा डाकबंगल्यात. कपाटात कुणा साहेबाची पुस्तकं होती, पाच दिवसांत फडशा पाडला. एकदा मेंढपाळांच्या झोपडीत, मेंढ्यांच्या उबेला. आणि एकदा तर सफरचंदांच्या गोदामात खोक्यांवर झोपलो. काय तो वास, मेमे!”

मेमे चहात सातूचं पीठ कालवत ऐकत होते.

“बाकीचे चिडतात. घड्याळं बघतात, रस्त्याच्या नावानं बोटं मोडतात. मला कुठंही टाका, मी आनंदात. साधनेशिवाय हे होतं का?”

मेमेंनी पिठाचा गोळा तोंडात टाकला. सावकाश चावला.

“वाट कुणी मोकळी केली?”

“कुठली वाट?”

“स्टेशनातली. डाकबंगल्याची.”

“असतील कुणी... मजूर असतील.”

“हं... घरी कोण आहे तुझ्या?”

“वडील. अकरा वर्षं अंथरुणावर आहेत. थोरली बहीण त्यांचं सगळं करते. इंदूअक्का.”

“ती तुझी वाट बघत असेल.”

“तिला मनालीहून पत्र टाकलंय. बर्फात अडकलोय, उन्हाळ्याशिवाय येणं होत नाही, म्हणून.”

“मनालीत बर्फ होता?”



“नाही... पण पडणारच होता.”

मेमेंनी मान डोलावली. गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि कोपऱ्यातलं लाकडी फावडं त्यांनी पोंक्ष्यांच्या हातात दिलं.

“छतावरचा बर्फ काढून ये. मातीचं छत आहे. भार सोसणार नाही.”

पोंक्षे मनातून सुखावले. गुरू शिष्याला लाकडं फोडायला लावतो, पाणी भरायला लावतो, हे त्यांनी वर्गात कितीदा सांगितलं होतं. शिडीवरून ते वर चढले. आकाश निळंभोर होतं. जी कड जवळची, तिकडून त्यांनी बर्फ खाली लोटायला सुरुवात केली. दोन तासांत छत लख्ख झालं.

“झालं, मेमे.”

“कुठं टाकलास?”

“मागच्या बाजूला.”

“मागं यांगझोमचं दार आहे.”

पोंक्ष्यांचा चेहरा उतरला. मठाला लागूनच ती म्हातारी एकटी राहायची, हे त्यांनी येता-येता पाहिलं होतं. ते फावडं घेऊन मागं धावले. दार नव्हतंच. पुरुषभर उंचीचा ढीग होता.

“आजी! आजी!”

आतून ओ आली नाही.

लोटलेला बर्फ दगडासारखा बसला होता. पोंक्षे खणू लागले. चूल पेटलेली असेल, धुराडं बुजलं असेल, धूर कोंडला असेल... काय काय मनात येत होतं. हाताला फोड आले, फुटले. फावड्याचा दांडा ओला झाला. त्यांनी घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग त्या बर्फाला मोठ्यानं अशी एक शिवी हासडली, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

उन्हं कलायला आली तेव्हा फळी दिसली. त्यांनी खांदा लावून दार ढकललं.

यांगझोम चुलीपाशी बसून लोकर कातत होती. शेजारी दोन बकऱ्या. चुलीवर किटली वाफाळत होती.

“दार लाव,” ती म्हणाली. “गारठा आत येतो.”

पोंक्ष्यांनी दार लावलं.

“आजी, माझ्यामुळं हे... मी हाका मारत होतो.”

“कान गेलेत माझे. बाहेरच्या हाका ऐकू येत नाहीत.”

“घाबरला नाहीत तुम्ही?”

“घाबरायचं कशाला? फावडं दारावर दणके देत होतं ना. तेवढं कळतं मला. म्हटलं, कुणीतरी येतंय. चहा टाकला.”

तिनं चहाचा वाडगा पुढं केला. पोंक्ष्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

“आणि फावडं वाजलंच नसतं तर?”

यांगझोमच्या हातातली चाती थांबली. तिनं दाराकडं पाहिलं.

“तर मग...” ती म्हणाली, आणि चाती पुन्हा फिरवू लागली.

पोंक्षे परत आले तेव्हा मेमे पायरीवर उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात बसले होते. पोंक्षे त्यांच्याशेजारी टेकले.

“अक्काला मोतीबिंदू आहे,” पोंक्षे म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं. “ऑपरेशन दोन हिवाळे पुढं ढकललंय. वडिलांजवळ मी बसल्याशिवाय तिला दवाखान्यात जाता येत नाही. यंदा येतो म्हटलं होतं...”

मेमे समोर बघत होते.

“उद्या त्या सहाजणांबरोबर मी निघतो, मेमे.”

मेमेंनी त्यांचे हात ओढून घेतले. तळव्यांना लोणी लावलं. जुन्या कापडाच्या पट्ट्या काढल्या आणि एकेक गुंडाळायला घेतली.

पोंक्ष्यांची नजर खिंडीकडं गेली. तिच्यावर पुन्हा ढग जमत होते.

“पण मेमे... वर खिंडीतच अडकलो तर?”

मेमेंनी पट्टीची गाठ मारली, दातांनी घट्ट ओढली.

“तर मग पहिल्यांदा अडकशील.”