शनिवारची भाकर

"मग खरी उपासना कुठली, आत्याबाई? तिथली की इथली?"

हन्नाबाई कणीक मळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

शनिवारची दुपार. उद्या महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे देवळात प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. त्यासाठी लागणारी बेखमीर, न आंबवलेल्या पिठाची भाकर गेली पन्नास वर्षं हन्नाबाईच भाजत आल्या होत्या. तरुणपणी त्या बायबलबाई होत्या. खांद्याला पिशवी, पिशवीत शास्त्र, आणि वस्त्यावस्त्यांवर पायी फिरून बायकांना ते वाचून दाखवायचं. आता गुडघे गेले होते. भाकर तेवढी राहिली होती.

विचारणारी शलोमी, साळव्यांची नवी सून. गावातल्या इतरांसारखं तीही हन्नाबाईंना आत्याबाई म्हणे. लग्नाला चार महिने झालेले. तिच्या वहीत माहेरच्या ख्रिस्ती मंडळीचं, तिथल्या चर्चचं पत्र होतं, 'ही आमची सभासद, आपल्याकडे हिचा स्वीकार व्हावा' असं. लग्न होऊन आलेल्या मुलीनं हे पत्र सासरच्या पाळकांकडे द्यायचं, मग ती इथली होते, प्रभूच्या मेजाशी येते. शलोमीनं ते दिलंच नव्हतं. चार महिने भाकरीचं ताट तिच्यासमोरून पुढे जात होतं. काल पाळकसाहेब स्वतः घरी येऊन गेले. चहा घेतला, पिकापाण्याचं बोलले, आणि चपला घालता घालता म्हणाले, रविवारपर्यंत काय ते ठरवा, सूनबाई.

माहेरून आईचा फोन रोज असे. जिथं टाळ्या वाजत नाहीत तिथं आत्मा कसला, पत्र देऊ नकोस, रविवारी एसटीनं इकडेच येत जा. सासूबाईंचं म्हणणं, देव काही बहिरा नाही एवढं ओरडायला. त्यात इथल्याच तरुण पोरांनी देवळात कीबोर्ड आणला होता, आणि पेटीवाल्या म्हाताऱ्यांनी त्यावर चादर टाकून ठेवली होती. नवरा म्हणाला, तुला वाटेल ते कर. सगळ्यांत जास्त थकवलं ते यानं.

"मी सगळं लिहून काढलंय," शलोमी म्हणाली. आवाजात थोडा अभिमान होता. शाळेत तिचं अक्षर भिंतीवर लावत.

तिनं वही उघडली. दोन रकाने होते, एक माहेरचा, एक सासरचा. ती वाचत गेली. तिथं हात वर, इथं हात जोडलेले. तिथं सतरंजी, इथं बाकं. तिथं चपला दाराबाहेर, इथं बुटांसकट थेट मेजापर्यंत. तिथं प्रार्थना सगळ्यांची एकदम आणि मोठ्यानं, इथं छापलेली, एका सुरात. तिथं उपदेश दोन तास, इथं वीस मिनिटं, तरी लोक घड्याळ बघतात ते इथं.

चार पानं झाली.

हन्नाबाईंनी गोळा पोळपाटावर घेतला. त्या बोलल्या ते लाटण्याशी बोलल्यासारखं. त्या इथं लग्न होऊन आल्या तेव्हा सतरंजीच होती. एका पाळकांनी बाकं आणली. दुसऱ्यांनी ढोलकी बंद केली. तिसऱ्यांनी ती माळ्यावरून काढली, तर तिचं चामडं उंदरांनी खाल्लेलं.

"तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"भाकर भाजली."

तवा तापला होता. भाकर पडली.

"प्रभू आपल्यासाठी मेला, हे लिहिलंस?"

"ते दोन्हीकडे तेच आहे."

"तिसऱ्या दिवशी उठला?"

"तेही तेच."

"परत येणार आहे?"

"आत्याबाई, ते सारखंच आहे. म्हणून तर नाही लिहिलं."

"हं..."

हन्नाबाईंनी भाकर उलटली. शलोमीनं वही मिटली.

भाकर ताटलीत काढून हन्नाबाई आत गेल्या. द्राक्षरसासाठी मनुका भिजत घातल्या होत्या, त्यांचं पाणी गाळायचं होतं. गुडघ्यांमुळे जायला वेळ, यायला वेळ.

शलोमीला रिकामं बसवेना. माहेरी शनिवारी भाकर कापून ठेवायचं काम तिच्याकडेच असे. तिनं सुरी घेतली आणि सवयीनं भाकरीचे तुकडे पाडले. बारीक, चौकोनी, एकसारखे.

शेवटचा तुकडा कापला, आणि तिचा हात थांबला. इथं भाकर अख्खी जाते. पाळक ती सगळ्यांसमोर उचलून धरतात आणि हातानं मोडतात. चार महिने मागच्या बाकावरून ती तेवढंच तर पाहत आली होती. आणि ते वहीत लिहायचं राहून गेलं होतं.

हन्नाबाई दारात उभ्या होत्या.

"पीठ आहे ना अजून?" शलोमीनं घाईनं विचारलं.

"संपलं."

शलोमीचा चेहरा उतरला. ती तुकडे पुन्हा एकमेकांना लावू लागली. कडेचे कडेला, मधले मधे. गोल जमत आला, पण फटी राहिल्याच.

हन्नाबाई भिंतीला टेकून हळूच खाली बसल्या. बहात्तरच्या दुष्काळात गहू कुठला, असं म्हणाल्या. रेशनवरची लाल मिलो ज्वारी होती. तिची भाकर मेजापर्यंत नेईतो तिचा भुगा झाला.

"मग?"

"पाळकांनी चिमूट चिमूट हातावर दिली. लोक रडले. भुकेनं का कशानं, देव जाणे..."

शलोमीनं वहीतून पत्र काढलं. घडीवर घडी पडून ते मऊ झालं होतं. उद्या भाकरीबरोबर पाळकांकडे जावं म्हणून तिनं ते ताटलीखाली सरकवलं, आणि तिचा हात पुन्हा तुकड्यांकडे गेला. एक फट मिटवली की दुसरी उघडत होती.

"हे दिलं की मी आईच्या मंडळीतून तुटले," ती म्हणाली. "आई तेच म्हणेल."

हन्नाबाईंनी तिचा हात धरून बाजूला ठेवला. ताटलीवर धुतलेला रुमाल टाकला.

"जोडत बसू नको, पोरी. वाटायलाच केलीय ती."