कोंडा, डुकरिणी आणि राजाची दुपार

राजा झुंजारसिंहाची दुपारची झोप पार मोडली होती. महालामागच्या आवारात गाभण डुकरिणी भुकेनं किंचाळत होत्या.

राजवैद्यांनी त्यांना ज्वारीचं छोटंसं माप ठरवून दिलं होतं. डुकरीण लठ्ठ झाली तर विताना अडते, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण डुकरिणी दोन घासांत ज्वारी फस्त करीत आणि दुपारभर आकाशपाताळ एक करीत.

राजानं डुकरं सांभाळणाऱ्या हौसाला बोलावलं.

"दाणा वाढवायचा नाही आणि आवाजही ऐकू येता कामा नये. उद्या एक जरी ओरडली, तरी तू आणि तुझ्या डुकरिणी वेशीबाहेर! आणि जाता जाता कुणाला तरी लाडू आणायला सांग."

राजाला जेवून उठलं की घटकाभरात पुन्हा भूक लागे. राजवाड्यात पीठ वस्त्रगाळ करायची रीत होती. कोंडा उकिरड्यावर जाई आणि राजाच्या ताटात नुसता मऊ मऊ ऐवज पडे.

हौसाचा त्या डुकरिणींवर फार जीव. ती घरी न जाता थेट उकिरड्याकडे गेली.

दुसऱ्या दुपारी सगळं चिडीचूप. राजाला संशयानंच झोप येईना. तो तावातावानं आवारात आला. डुकरिणी पोटं टम्म करून घोरत पडल्या होत्या.

"कोठारातून ज्वारी चोरलीस!"

"कोठाराचं कुलूप बघा, महाराज. आणि बघण्याआधी दोन घास खा."

तिनं कोंड्याची जाड भाकरी आणि अंबाडीची भाजी पुढं केली. भूक तर लागलीच होती. राजा चावू लागला. शिक्षा फर्मावायला तोंड उघडी, तर घास बाहेर येई. तो चावतच राहिला. भाकरी संपली आणि त्यानं ढेकर दिली.

"लाडू मागवू?"

"नको गं, पोटात जागा नाही."

"त्याही हेच म्हणतात. ज्वारी तेवढीच आहे, महाराज. तुमच्या मुदपाकखान्यानं टाकलेला कोंडा आणि मुळ्याचा पाला त्यात कालवला. चावून तोंड दमतं, पोट भरतं, मग ओरडायचं कशाला?"

"ते कळलं. पण मला का जेवू घातलंस?"

"दुपारी तुम्ही लाडवांसाठी ओरडता ना, त्यानं यांची झोप मोडते. रोजची तक्रार आहे त्यांची."

राजा असा खदखदून हसला की एक डुकरीण जागी झाली. त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं आणि राजवाड्यातला सगळा कोंडा कायमचा तिच्या नावे केला. रोजची एक भाकरी मात्र स्वतःसाठी राखून ठेवली.