बुंदीचा पाय आणि सोनाआत्याची चावी

एक होती शेळीची पोर. केवढी? तुझ्या मांडीवर मावेल एवढी. रंग तपकिरी. नाव बुंदी.

बुंदी आपल्याच दारात उभी होती. आपलाच पाला खात होती. कुणाच्या अध्यात नव्हती, मध्यात नव्हती.

शेजारच्या सोनाआत्याचा कुत्रा आला. नाव भुंग्या. गुर्र गुर्र... खच्च! बुंदीच्या मागच्या पायाला चावला. केसांचा झुपका गेला. पायाची साल गेली.

"बेंऽ! माझ्याच दारात? मलाच? हे बरं नव्हे!"

बुंदी निघाली. टुक टुक लंग, टुक टुक लंग.

गेली गुरांच्या दवाखान्यात.

"डॉक्टरीणबाई, डॉक्टरीणबाई!
भुंग्या चावला, पाय दुखतो.
सुई टोचा!"

"टोचते. आजच टोचते. पण आधी पाय साबणाने धुऊन ये. इथली बादली रिकामी. वाहत्या पाण्याखाली धर. पंधरा मिनिटं धर. वर हळद नको, मिरची नको. पाय धुतल्याशिवाय सुई नाही. आणि दवाखाना बंद व्हायच्या आत ये हं!"

टुक टुक लंग, टुक टुक लंग. धुण्याच्या दगडावर साबण बसला होता. गुळगुळीत, गुलाबी.

"साबणा, साबणा!
भुंग्या चावला, पाय दुखतो.
पाय धुतल्याशिवाय सुई नाही.
फेस दे!"

"कोरडाच देऊ? धार लागल्याशिवाय फेस नाही."

"हे बरं नव्हे!" टुक टुक लंग, टुक टुक लंग. पलीकडे होता नळ. मान खाली घालून उभा.

"नळा, नळा!
भुंग्या चावला, पाय दुखतो.
पाय धुतल्याशिवाय सुई नाही.
धार लागल्याशिवाय फेस नाही.
धार दे!"

नळ म्हणाला, "फुस्स! पाणी सुटल्याशिवाय धार नाही."

"हे बरं नव्हे!" टुक टुक लंग, टुक टुक लंग. चढावर होती टाकी. पोट एवढं मोठं!

"टाकी, टाकी!
भुंग्या चावला, पाय दुखतो.
पाय धुतल्याशिवाय सुई नाही.
धार लागल्याशिवाय फेस नाही.
पाणी सुटल्याशिवाय धार नाही.
पाणी सोड!"

टाकी म्हणाली, "डुबुक! चावी फिरल्याशिवाय पाणी नाही."

"चावी कुणाकडे?"

"गावाला पाणी सोडते ती सोनाआत्या. तिच्याकडे."

सोनाआत्या? भुंग्याची सोनाआत्या? बुंदीचे कान ताठ झाले. पाय दुखत होता. पण गेली. टुक टुक लंग, टुक टुक लंग. दारात भुंग्या पसरला होता. बुंदी दूरच थांबली.

"सोनाआत्या, सोनाआत्या!
भुंग्या चावला, पाय दुखतो.
पाय धुतल्याशिवाय सुई नाही.
धार लागल्याशिवाय फेस नाही.
पाणी सुटल्याशिवाय धार नाही.
चावी फिरल्याशिवाय पाणी नाही.
चावी फिरव!"

सोनाआत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पाणी उद्या सकाळी. आणि काय गं, आमचा भुंग्या? तो चावतच नाही! तूच त्याच्या अंगावर गेली असशील."

"मी? मी माझ्या दारात होते!"

"मग काटा लागला असेल."

"काट्याला काय चार दात असतात? हे बघ! एक, दोन, तीन, चार!"

सोनाआत्या वाकली. पाय पाहिला. मग म्हणाली, "भुंग्या, आ कर बघू."

भुंग्याने तोंड मिटलं. घट्ट.

"आ कर म्हणते ना!"

आऽ! दातात केस. तपकिरी केस!

"अगं बाई!" सोनाआत्याने भुंग्याला साखळीने बांधलं. मग आत धावली. मिरचीचा डबा आणला. "थांब पोरी, चिमूटभर दाबते. आमच्यात हेच लावतात."

"नको!" बुंदी ओरडली. "मिरची नको, हळद नको! पाय धुतल्याशिवाय सुई नाही. चावी फिरव! दवाखाना बंद होईल!"

सोनाआत्याने डबा ठेवला. मोठी लोखंडी चावी उचलली. पळत सुटली. धाप धाप धाप!

चावी फिरली. करकर करकर!
टाकीने पाणी सोडलं. डुबुक डुबुक!
नळाला धार लागली. सूंऽऽ!
साबणाने फेस दिला. बुडबुड बुडबुड!

मग पाय कोणी धुतला? सोनाआत्याने! दगडावर बसून धुतला. पाच मिनिटं झाली. "झालं का?" "नाही!" दहा झाली. "आता?" "नाही!" पंधरा झाली. "झालं!"

दोघी दवाखान्यात गेल्या. दार अर्धं लागलं होतं.

"या, या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. टुच्च! सुई टोचली. दुखलं का? इवलंसं. "पुढच्या सुयाही टोचून घ्यायच्या. आणि सोनाबाई, भुंग्याला दहा दिवस बांधून ठेवा. रोज त्याच्याकडे नीट बघा. आजारी दिसला तर लगेच मला सांगा."

"हो, हो. चल पोरी घरी."

पण बुंदी हलेना.

"आता काय गं?"

"चावला म्हण."

"चावला," सोनाआत्या पुटपुटली.

"मोठ्याने!"

सोनाआत्या बाहेर येऊन गल्लीत उभी राहिली. छाती भरून श्वास घेतला.

"ऐका हो ऐका! आमचा भुंग्या चावला! बुंदीचं काही चुकलं नाही! चूक आमची!"

खिडक्या उघडल्या. कोंबड्या थांबल्या. सगळ्यांनी ऐकलं.

"बें," बुंदी म्हणाली. "हे बरं झालं."

आणि गल्लीच्या अगदी मधून घरी गेली.

गोष्ट धुतली, पिळली, दोरीवर वाळत घातली.