घरची झोळी

एका खिंडीच्या पायथ्याशी एक दुकान होतं. डोंगर चढणारे तिथूनच दोर, काठ्या आणि पाठीला बांधायच्या झोळ्या घ्यायचे. दुकानदार म्हातारा होता, आणि म्हातारपण हाच त्याचा सगळ्यात खपणारा माल होता. कुणी काही विचारलं की म्हणायचा, हे केस काय उन्हानं पांढरे झाले?

एके दिवशी दुकान उघडताच एक बाई धावत आली. तिचं तान्हं मूल तापानं फणफणलं होतं. वैद्य खिंडीपलीकडे, आणि वाटेतला कडा दोन्ही हातांनी धरून चढावा लागे. माथ्यावर ढग उतरत होते. मूल पाठीवर न्यायला तिला झोळी हवी होती.

दुकानदारानं एक नक्षीदार झोळी पुढे टाकली. तिनं पट्टा ओढला, तसा टाका कुरकुरला. धोंडा भरून बघते, म्हणाली.

म्हातारा भडकला. पहिल्या विक्रीला, भवानीला, मालात खोट काढली की दिवस बुडतो, असा तिथला रिवाज. ओट्यावर तीन म्हातारे बसले होते. जन्मात खिंड चढले नव्हते, पण माना त्यांनीही हलवल्या. एकानं तिच्या आईबापाचं वळण काढलं.

तिला वाटलं, घ्यावी मुकाट्यानं. मोठी माणसं आहेत, त्यांना जास्त कळत असेल. मूल कण्हलं. आणि तिच्या डोळ्यांपुढे कडा उभा राहिला: दोन्ही हात दगडाला, आणि पाठ अचानक हलकी.

तेवढ्यात दुकानदाराचा नातू रांगत उंबऱ्याशी आला.

"आजोबा," ती म्हणाली, "याला झोळीत घाला, पाठीला बांधा आणि एवढ्या पायऱ्या उतरून दाखवा. लगेच घेते."

म्हाताऱ्यानं नातवाला उचललं. झोळीकडे पाहिलं. मग पोराला छातीशी धरून उभाच राहिला. ओट्यावरचे तिघं एकदम आभाळाचे जाणकार झाले.

"तुमची पोरं कशातून नेता?"

तो आत गेला आणि खुंटीवरची झोळी घेऊन आला. साधी, जाड पट्ट्यांची, दुहेरी शिवणीची. ढगांकडे बघत तिनं तीही धोंडा भरून तपासली.

कड्यावर पट्टा करकरत राहिला. पावलागणिक तिचा जीव वरखाली होत होता, पण टाका सुटला नाही. वैद्याच्या दारात तिनं मूल उतरवलं, तेव्हा त्यानं भोकाड पसरलं.

तेव्हापासून गिऱ्हाईकं नक्षीकडे बघत नाहीत. घरची झोळी दाखवा, म्हणतात. म्हातारा त्यांना उर्मट म्हणतो. म्हणू दे.

तात्पर्य: मोठ्यांच्या पाया जरूर पडावं, पण त्यांनी दिलेल्या पट्ट्यावर जीव टांगण्याआधी तो ओढून बघावा. जो ओढू देत नाही, त्याला शिवण ठाऊक असते.